अंतूरचे कडे आणि आपली साक्ष

पिशोरच्या उत्तरेस सातमाळ्याचे डोंगर आहेत. त्याच रांगेंत, कन्नड तालुक्यांत, अंतूरचा किल्ला उभा आहे. सुटींत आपलीं मुलें तेथें हौसेनें जातात. परंतु त्या कड्यांची एक आठवण घरांतील वडील मंडळी त्यांना क्वचितच सांगतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत अशी नोंद आहे कीं, पेशवाईच्या अखेरच्या काळांत दरवर्षीं शेंकडों भिल्लांचा अंतूरच्या व सातमाळ्याच्या कड्यांवरून कडेलोट होत असे. माफीचें वचन देऊन बोलाविलेल्यांचेही शिरच्छेद झाले. ज्या पेशवाईचा आपल्या घरांत अभिमान बाळगिला जातो, तिच्याच अधिकाऱ्यांचें हें कृत्य होय.

भिल्ल हे जन्मानें दरोडेखोर होते काय? मुळींच नाहीं. कित्येक गांवीं जागल्याचें काम त्यांच्याकडे असे व त्याबद्दल त्यांना हक्काचें धान्य मिळे. १८०३ च्या सुमारास स्वाऱ्या झाल्या, पाठोपाठ दुष्काळ पडला. गांवें उजाड झालीं, हक्क बुडाले आणि राखणाराच लुटूं लागला.

१८२५ सालीं मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं धोरण पालटलें. भिल्लांसाठीं तीन एजंट नेमण्यांत आले. त्यांपैकीं एकाचें ठाणें कन्नड येथें होतें. कसावयास जमीन व तगाई देण्यांत आली. भिल्लांची पलटण उभारण्यासाठीं जेम्स औट्रम हा तरुण अधिकारी डोंगरांत त्यांच्यामध्यें जाऊन मिसळला. कन्नड-चाळीसगांव मार्गावरील घाट आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. दिलेला शब्द पाळला गेला, म्हणून शांतता झाली. परंतु ती राज्यकर्त्यांच्या सोयीची शांतता होती. शेजाऱ्यांची दिलजमाई नव्हे. पुढें जंगलें राखीव झालीं, तेव्हां ज्यानें नांगर धरला त्याच्याच शेताला अतिक्रमण म्हणूं लागले.

वनहक्क कायदा २००६ सालीं झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रास्ताविकेंतच आहे. दाव्यांचा पहिला विचार ग्रामसभेनें करावयाचा असतो. आणि जुनी वहिवाट सिद्ध करण्यासाठीं जीं पुराव्याचीं साधनें नियमांत सांगितलीं आहेत, त्यांत अर्जदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेंही एक आहे. वाचकहो, येथें आपला संबंध येतो. ज्याच्या बापजाद्यांजवळ कागद नव्हता, त्याच्या शेताची साक्ष शेजारचे आजोबा देऊं शकतात. त्यांचा जबाब नातवानें नीट अक्षरांत उतरून घ्यावा. याला पैसा लागत नाहीं. ग्रामसभेंत एका सतरंजीवर बसण्याची आणि खरें तें सांगण्याची तयारी मात्र लागते.

शबरीचीं बोरें कीर्तनांत ऐकतांना आपले डोळे पाणावतात. तिच्या वंशजांना आपण माजघरांत कधीं बसविलें, हा प्रश्न आज सायंकाळीं जेवणाच्या पंगतींत प्रत्येक घरानें स्वतःस विचारावा. आणि मुलांना अंतूर दाखवितांना तटबुरुजांबरोबर ते कडेही दाखवावेत.