चार सायकलींच्या जागेत पाच

घरच्या गॅरेजमध्ये सायकली शेजारी-शेजारी लावल्या, की हँडले एकमेकांत अडकतात. एक काढताना दुसरी अंगावर पडते. जागा खरोखरच अपुरी असते का? मोजून पाहू.

हँडल साधारण ६० सेंमी रुंद असते; मागचा भाग मात्र बराच अरुंद. तोंडे एकाच दिशेला असतील, तर चार सायकलींना २४० सेंमी लागतात. एकाआड एक उलट लावल्यास हँडलाशेजारी कॅरिअर येते. मग दोन मध्यरेषांत ४५ सेंमी अंतर पुरते. पाच सायकलींसाठी: ३० + (४ × ४५) + ३० = २४० सेंमी!

एक पथ्य मात्र पाळावे. एका पायाच्या स्टँडवर सायकल डावीकडे कलते. त्यामुळे उलटसुलट लावलेल्या सायकली एकमेकींवर रेलतील. दोन पायांचे स्टँडच हवे.

शाळेच्या सायकलींची मापे विद्यार्थ्यांना घेऊ द्या.