ओपनएसएसएलची स्टॅटिक लायब्ररी घरच्या कम्प्युटरवर बनवता येते, पण नंतर तिला सांभाळायचं कोणी?

आपले पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. आता त्यात चिपवाले ई-पासपोर्टही आलेत. देशातला पहिला ई-पासपोर्ट 2008 मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला होता. या चिपमधल्या माहितीवर डिजिटल सही असते. एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही आणि चोरी पकडली जाते.

सही जुळते का हे तपासणारं गणित ज्या तयार कोडमध्ये असतं, त्याला क्रिप्टोग्राफी लायब्ररी म्हणतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मोफत नाव म्हणजे ओपनएसएसएल. ही लायब्ररी तुम्ही तुमच्या डेस्कटॉपवर सोर्स कोडपासून स्वतः बनवू शकता.

आता 'स्टॅटिक' म्हणजे काय? नेहमीची शेअर्ड लायब्ररी सोसायटीच्या टाकीसारखी असते, सगळे प्रोग्राम तिच्यातूनच पाणी घेतात. स्टॅटिकमध्ये प्रत्येक प्रोग्राम आपली बाटली भरून सोबत नेतो. फायदा असा की तो प्रोग्राम दुसऱ्या कम्प्युटरवर नेला तरी 'लायब्ररी सापडली नाही' म्हणून अडत नाही.

लिनक्सवर काम तसं सोपं आहे. सी कंपायलर, मेक आणि पर्ल हवं. (हो, पर्लच. ते नसेल तर पहिल्याच पायरीवर गाडी अडते.) अधिकृत साइटवरून सोर्स घ्या आणि त्याचा शा-256 आकडा जुळवून बघा. मग 'कॉन्फिगर' चालवताना 'नो-शेअर्ड' हा पर्याय द्या. 'प्रीफिक्स' देऊन वेगळं फोल्डर ठरवा, म्हणजे सिस्टिमच्या ओपनएसएसएलशी घोळ होणार नाही. त्यानंतर मेक, मेक टेस्ट आणि मेक इन्स्टॉल. टेस्टला वेळ लागतो म्हणून बरेच जण ती गाळतात, पण क्रिप्टोच्या बाबतीत हा आळस नको. शेवटी डॉट ए नावाच्या दोन फाइल्स मिळतात, लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो. प्रोग्रामला जोडताना आधी लिबएसएसएल लिहा, मग लिबक्रिप्टो. उलट केलं तर एररचा पाऊस पडू शकतो.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते. 7 एप्रिल 2014 ला 'हार्टब्लीड' जगासमोर आलं. ओपनएसएसएल 1.0.1 ते 1.0.1एफ या व्हर्जन्समधली ही चूक. तिच्यामुळे हल्लेखोराला एका वेळी सर्व्हरच्या मेमरीतला 64 केबीपर्यंतचा तुकडा वाचता येत होता. त्यात पासवर्डही असू शकत होते, गुप्त किल्ल्याही. दुरुस्ती 1.0.1जी मध्ये आली. शेअर्डवाल्यांनी टाकी साफ केली, म्हणजे लायब्ररी अपडेट करून प्रोग्राम रीस्टार्ट केले. त्या व्हर्जनची बाटली भरून नेलेला प्रत्येक प्रोग्राम मात्र नव्याने बनवावा लागला. ऑपरेटिंग सिस्टिमचा अपडेट त्या बाटलीपर्यंत पोचतच नाही.

1.1.1 या व्हर्जनचा मोफत सपोर्ट 11 सप्टेंबर 2023 ला संपला. तुमच्या जुन्या प्रोग्रामच्या पोटात तेच आहे का, हे बघायचं असेल तर त्या फाइलवर 'स्ट्रिंग्ज' कमांड चालवा आणि ओपनएसएसएल हा शब्द शोधा. बहुतेक वेळा व्हर्जन नंबर शेजारीच दिसतो.