क्विंटस म्हणजे पाचवा

आज एका परक्या नावाची माहिती घेऊ. नाव आहे क्विंटस. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ पाचवा.

दोन हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या रोममध्ये हे मुलाचं नाव असायचं. पाचवं मूल, नाहीतर पाचव्या महिन्यातला जन्म, अशावरून ते पडलं असावं. पुढे अर्थ मागे पडला, नाव चालत राहिलं. सिसरो नावाच्या प्रसिद्ध वक्त्याचा धाकटा भाऊ क्विंटस. तो काही पाचवा नव्हता!

आता मुलींचं ऐका. मुलाला स्वतःचं नाव मिळे आणि कुळाचंही. मुलीला बहुधा कुळाचंच. सिसरोचं कुळ तुलियस, म्हणून त्याची लेक तुलिया. जुलियस सीझरच्या दोन्ही बहिणी जुलिया, आणि मुलगीसुद्धा जुलिया! मग घरात थोरली, धाकटी, तिसरी असं म्हणून ओळखायचं. मुलाच्या बाबतीत आकड्याचं नाव झालं, मुलीच्या वाट्याला नुसता आकडा राहिला.

आपल्याकडे तर मुलगी नको म्हणून ‘नकुसा’ नाव ठेवत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. काहींनी आपलं नाव स्वतः निवडलं.

तेव्हा बारशाला नाव सुचवाल, तर आधी त्याचा अर्थ विचारा. ती लेक ते नाव जन्मभर सांगणार आहे.