शास्त्रीबोवांच्या लेकीचं साधं बायबल

कोल्हापुरातलं वायल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते रॉयल गुल्ड वायल्डर १८५२ मध्ये या संस्थानात आले. त्यांना हिंदुस्थानात धाडणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्याच मिशनऱ्यांनी १८३९ मध्ये हवाई बेटांच्या भाषेत अख्खं बायबल पुरं केलं होतं. त्या भाषेला पूर्वी लिपीच नव्हती, त्यामुळे सुरुवात अक्षरं ठरवण्यापासून. मराठीची अडचण उलटी. इथं लिप्याच दोन, मोडी आणि बाळबोध. आणि देवाधर्माच्या शब्दाशब्दावर ज्ञानेश्वरीपासून कुणाची ना कुणाची वहिवाट.

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी या पेचातून १६१६ मध्येच वाट काढली होती. त्यांनी भाषांतर केलंच नाही. ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि स्वर्गाला खुशाल वैकुंठ म्हटलं. विल्यम कॅरींनी बंगालात, श्रीरामपूरला बसून वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी नवा करार केला. तो १८११ मध्ये छापला गेला, तोही मोडीत. पुढं मुंबईच्या अमेरिकन मिशननं १८२६ मध्ये आपला नवा करार काढला. साहेब आणि पंडित, अशी ही जोडी बराच काळ चालली.

पंडिता रमाबाईंनी ती मोडली. साहेबाचं काम आणि पंडिताचं काम, दोन्ही त्यांनी स्वतःच्याच अंगावर घेतलं.

खरं तर संस्कृतप्रचुर मराठी लिहिणं त्यांच्या हातचा मळ. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतची शिकवण आईकडून, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी. पण जुन्या भाषांतरांतलं संस्कृत वळण त्यांना खटकत होतं. एक तर ते खेड्यातल्या बायकांना कळत नव्हतं. दुसरं, त्या शब्दांमागून जुने अर्थही आत येत होते. मग केडगावच्या आपल्या मुक्तिसदन या आश्रमाचा मोठा पसारा सांभाळता सांभाळता बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरूनच कामाला लागल्या. संस्कृत येत नाही म्हणून सोपं लिहिणारे पुष्कळ असतात. येत असूनही जाणून-बुजून ते बाजूला ठेवणं हे जास्त अवघड, आणि रमाबाईंची खरी पंडिताई मला तिथं दिसते.

छापखानाही मुक्तीचाच. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत आसऱ्याला आलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी तिथं खिळे जुळवायला, छपाई करायला, पुस्तकं बांधायला शिकल्या. ज्या बायकांसाठी भाषा सोपी करायची, त्यांच्यासारख्याच बायकांच्या हातून मजकूर छापून निघत होता. अशी सोय श्रीरामपूरला नव्हती, मुंबईलाही नव्हती.

१९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. काम मात्र थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंचा अंत झाला तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये. चर्चमधल्या वाचनासाठी मात्र बायबल सोसायटीचीच प्रत रुळलेली राहिली. त्या भाषांतरामागं समित्या होत्या, निरनिराळी मिशनं होती. रमाबाईंच्या बायबलामागं केडगावचा एक आश्रम आणि त्याचा छापखाना.