वेताळ लाकडात, विक्रम पितळेत

एकेकाळी मद्रासच्या वडपळनीतून निघणाऱ्या ‘चांदोबा’ मासिकाने मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना वेताळाची ओढ लावली. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ काढला. मराठी आवृत्ती त्यानंतरची. चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला तो राजा विक्रम, खांद्यावर वेताळ शिरलेलं प्रेत आणि हातात तलवार, विसरणं अवघड. ही अद्भुतकथा अवघ्या दोन वाद्यांवर उभी करायची, तर मी फ्रेंच हॉर्न आणि मरिंबा निवडेन.

हॉर्न म्हणजे गुंडाळलेली पितळी नळी. एफ सुराच्या हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे पावणेचार मीटर भरते. ओठांच्या कंपनानं आतली हवा निनादते आणि दम पुरेल तोवर सूर टिकतो. तो फुगवता येतो, विरवता येतो. हॉर्नचं रुंद तोंड मागे वळलेलं असतं आणि वादकाचा उजवा हात त्यात असतो. तो हात आत दाबून वाट जवळजवळ बंद केली, की आवाजाला धातूची धार येते आणि तो दूरच्या रानातून आल्यासारखा वाटतो.

मरिंबाला अशी आस नाही. तिच्या रोजवुडच्या पट्टीवर मॅलेट, म्हणजे वाजवायची काठी, पडताच सूर मावळू लागतो. तो लांबवायचा तर दोन मॅलेटनी पट्टी भराभर वाजवत राहावी लागते. पट्टी खालून मधोमध कोरून पातळ करतात. त्यामुळे मूळ सुरासोबत बरोबर दोन सप्तकं वरचा सूरही तिच्यात जुळून बोलतो. पट्टीखाली तळाशी बंद असलेली नळी असते, लांबीला तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी: 440 हर्ट्झला 19 सेंटीमीटरच्या आसपास, पाच सप्तकी मरिंबाच्या सर्वांत खालच्या 65 हर्ट्झला सव्वा मीटरहून अधिक.

आता कथा. बडबड वेताळाची, म्हणून मरिंबाची. राजा बोलला तर वेताळ झाडावर परत जाणार, म्हणून त्याला मौन पाळायचंय, तेव्हा हॉर्न हातानं दाबलेला एकच सूर धरून चालत राहतो. प्रश्न येतो आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलं तर डोकं फुटणार, म्हणून राजा बोलतो. इथे हात सैल होतो आणि हॉर्न पहिल्यांदा मोकळा वाजतो. त्याच क्षणी मरिंबा झरझर वर चढून आपल्या पहिल्या सुरांवर, म्हणजे झाडावर, परत. प्रत्येक फेरीत हे ध्रुपद तेच राहतं, मधली गोष्ट बदलते. कथेचा सांगाडा असा संगीताला आयताच मिळतो.

हे ‘चांदोबा’च्याच गावी, म्हणजे आजच्या चेन्नईत, वाजवायचं तर अडचण आहे ती तिथल्या हवेची. तापमान 20 वरून 30 अंशांवर गेलं की हवेतला ध्वनीचा वेग वाढतो आणि नळीचा सूर सुमारे 30 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शानं, चढू शकतो. वादकाचा ऊबदार श्वास हा फरक थोडा कमी करतो. लाकडाची पट्टी मात्र उष्णतेनं किंचित उतरते आणि समुद्राकाठची दमट हवा तिला आणखी उतरवते. शिवाय मरिंबाच्या नळ्या चढतात नि पट्ट्या उतरतात, त्यामुळे खर्जातला घुमारा क्षीण होतो. चांगल्या मरिंबात खालच्या नळ्यांचे बूच सरकवता येतात, ते याचसाठी. पट्ट्यांचा सूर मंचावर बदलता येत नाही. त्यामुळे जुळवून घेण्याचं सगळं ओझं हॉर्नवर पडतं: सूर जुळवायची सरकनळी बाहेर ओढायची आणि उरलेला फरक ओठांनी, हातानं सावरायचा. तालमीलाही एसी कार्यक्रमाइतकाच ठेवावा, आणि हॉर्नवादकानं वाद्य फुंकून पुरतं तापवल्याशिवाय मरिंबाशी सूर जुळवू नये.