साथीचा पहिला दिवस

पडदा पूर्ण काळा असतो आणि त्या काळोखात कुणीतरी खोकतं. स्टीव्हन सोडरबर्गचा 'कंटेजन' (२०११) असा सुरू होतो. मग दिसते विमानतळावरच्या बारमध्ये बसलेली एक बाई, तिच्यासमोर दाण्यांची वाटी, आणि कोपऱ्यात उमटलेली अक्षरं : दिवस दुसरा. म्हणजे पहिला दिवस आपल्या हातून निसटला आहे. पुढच्या पावणेदोन तासांत माणसं मरतात, शहरं बंद होतात, लस तयार होते, आणि सगळं मार्गी लागल्यावर अगदी शेवटच्या काही मिनिटांत तो पहिला दिवस दाखवला जातो.

साथीच्या शास्त्राशी ही मांडणी इमान राखणारी आहे. कुठल्याही साथीची सुरुवात घडत असताना कुणाला दिसत नाही. ती मागाहून, रुग्णांच्या याद्या उलट्या वाचत शोधावी लागते. कथा सांगणाऱ्याची पंचाईत इथेच होते. त्याला सुरुवात कुठून तरी करावी लागते आणि जिथून तो करतो, तिथे दोषाचं बोट आपोआप वळतं. साथीच्या आणि झोंबींच्या चित्रपटांना आपण भयपट म्हणतो. त्यांच्या पहिल्या वीस मिनिटांपुरतं बोलायचं तर ते आरोपपत्र असतं. जंतू कुणी आणला, कुणी दडवला, कुणाला ठाऊक असून कुणी सांगितलं नाही, याचं. गेल्या शंभर वर्षांत हे आरोपपत्र कुणाकुणाच्या नावावर निघालं, हे पाहण्यासारखं आहे.

जहाजातून आलेला

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' १९२२चा. स्पॅनिश फ्लूची जगभरची लाट ओसरून फार काळ लोटलेला नव्हता. या मूकपटातला रक्तपिपासू काउंट पूर्वेकडच्या डोंगरांतून निघतो आणि मातीने व उंदरांनी भरलेल्या पेट्यांसह जहाजाने जर्मन बंदरात उतरतो. जहाजावर जिवंत माणूस उरलेला नसतो. गावात दवंडी पिटली जाते ती पिशाच्चाची नव्हे, प्लेगची. रोग परका असतो, तो समुद्रावरून येतो आणि त्याला चेहरा असतो, ही प्रतिमा इथे पक्की झाली.

एलिया कझानचा 'पॅनिक इन द स्ट्रीट्स' (१९५०) त्याच बंदरावर उभा आहे, फक्त पिशाच्च वगळून. न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्याजवळ पत्त्यांच्या डावावरून एका माणसाचा खून होतो. शवविच्छेदनात गोळीपेक्षा भयंकर गोष्ट सापडते, फुप्फुसांचा प्लेग. मेलेला माणूस चोरून देशात शिरलेला. त्याला कुणी आणलं, तो कुणाकुणाच्या जवळ गेला हे शोधायला सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या डॉक्टर रीडकडे ४८ तास असतात. कझानने प्रत्यक्ष शहरात, गोदामांत आणि खानावळींत चित्रीकरण केलं. गंमत अशी की खुनी गुंड शेवटपर्यंत समजून चालतो, पोलीस एवढे हात धुऊन मागे लागलेत त्याअर्थी मेलेल्याजवळ मोठा ऐवज असणार. साथीच्या अज्ञानाची इतकी नेमकी थट्टा फार थोड्यांना जमली आहे. मात्र चित्रपटातला खरा झगडा बातमीचा आहे. वर्तमानपत्रांना कळलं तर लोक शहर सोडून पळतील आणि रोग सगळीकडे नेतील, असं डॉक्टरचं म्हणणं. लोकांना कळायलाच हवं, हे बातमीदाराचं. चित्रपट डॉक्टरच्या बाजूने उभा राहतो. पुढच्या सत्तर वर्षांत या बाजूचा भाव बराच उतरला.

त्याच वर्षी आलेल्या 'द किलर दॅट स्टॉक्ड न्यू यॉर्क'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. मूळ घटना १९४७ची. मेक्सिकोहून बसने न्यू यॉर्कला आलेला एक प्रवासी आजारी पडला, रुग्णालयात वारला, आणि त्याला देवी झाल्या होत्या हे त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी उमगलं. एकूण रुग्ण १२, मृत्यू दोन. शहराने काही आठवड्यांत साठ लाखांहून अधिक लोकांना लस टोचली. या हकिकतीत खलनायक नाही. एक अभागी प्रवासी आहे आणि हुकलेलं निदान आहे. चित्रपटवाल्यांना हे पुरलं नाही. त्यांनी प्रवाशाच्या जागी क्यूबाहून हिरे चोरून आणणारी बाई घातली. म्हणजे देवी येण्याआधीच ती गुन्हेगार ठरली आणि तिचा पाठलाग करणं प्रेक्षकाला न्याय्य वाटू लागलं. जंतूला हेतू नसतो. तो पुरवण्याचं काम पटकथेने केलं.

कारण नसलेलं मरण

जॉर्ज रोमेरोने १९६८ साली पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या आसपास, अगदी तुटपुंज्या पैशात 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला आणि आरोपीचा पिंजराच रिकामा केला. त्याआधीचे झोंबी वेगळे होते. 'व्हाइट झोंबी' (१९३२) हैतीत घडतो आणि त्यातली प्रेतं कुणाच्या तरी मालकीची असतात. बेला लुगोसीचा मांत्रिक त्यांना साखरेच्या कारखान्यात राबवतो. त्या वेळी हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं, हे त्या गुलामीच्या चित्राशेजारी ठेवून पाहावं. रोमेरोच्या प्रेतांना मालक नाही. स्मशानात भाऊबहीण आई-वडिलांपैकी एकाच्या थडग्यावर फुलं ठेवायला येतात, भाऊ बहिणीला भिववतो, लांबून एक उंच माणूस रेंगाळत येतो. तो भेसूर नाही. कुणीतरी वाटसरू असावा, असंच तिला वाटतं. महासंकटाची पहिली खूण इतकी मामुली असणं, हा रोमेरोचा शोध.

मग दूरचित्रवाणी सुरू होते. शुक्राकडे गेलेल्या यानातून किरणोत्सर्ग आला म्हणतात; कॅमेऱ्यासमोर शास्त्रज्ञ एक सांगतो, सैन्याधिकारी त्याला गप्प करू पाहतो. आधी सांगतात घरात थांबा, मग सांगतात बाहेर पडा. कारण शेवटपर्यंत ठरत नाही. बाहेरच्या प्रेतांपेक्षा घरातली माणसं तळघर सुरक्षित की वरचा मजला यावर भांडून अधिक लवकर मरतात. रात्रभर टिकून राहिलेला कृष्णवर्णीय नायक बेन सकाळी मदतीला आलेल्यांच्याच गोळीने मरतो. १९६८च्या अमेरिकेत हे पाहणाऱ्यांना आरोपी कोण, हे वेगळं सांगावं लागलं नसेल.

या मामुली सुरुवातीची सर्वांत हुशार टिंगल एडगर राइटच्या 'शॉन ऑफ द डेड'मध्ये (२००४) आहे. शॉन सकाळी घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि परत येतो. कॅमेरा न तुटता त्याच्यामागे. दुसऱ्या सकाळी तोच रस्ता, तीच चाल. आता काचा फुटल्या आहेत, रक्तावरून त्याचा पाय घसरतो, रस्त्यात प्रेतं झुलताहेत, आणि झोप न उतरलेल्या शॉनला काही म्हणजे काही दिसत नाही. आदल्या दिवशीही बसमधले लोक तसेच निर्विकार होते ना!

त्याच्या दोन वर्षं आधी डॅनी बॉयलने '२८ डेज लेटर'मध्ये दुसरी युक्ती केली. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत प्राणिमुक्तीवाले कार्यकर्ते घुसतात, विषाणू टोचलेल्या चिंपांझीचा पिंजरा उघडतात, आणि पुढचं दृश्य अठ्ठावीस दिवसांनंतरचं. रुग्णालयात शुद्धीवर आलेला तरुण निर्मनुष्य लंडनमधून चालत जातो. पसरण्याचा सगळा काळ पडद्याबाहेर. ठिणगी आणि राख तेवढी दाखवली. दोष मात्र चलाखीने वाटला आहे. विषाणू तयार करणारे शास्त्रज्ञ आणि भूतदयेपोटी कडी काढणारे तरुण, दोघंही गुन्हेगार.

दडवलेली नावं

दक्षिण कोरियात मे २०१५मध्ये मर्स या श्वसनरोगाची साथ आली. १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. रोग मुख्यतः रुग्णालयांतून पसरत होता आणि सरकारने सुरुवातीला त्या रुग्णालयांची नावंच जाहीर केली नव्हती. लोकांचा संताप अनावर झाला तेव्हा, जूनमध्ये, यादी बाहेर आली. पुढच्या वर्षी येओन सांग-होचा 'ट्रेन टू बुसान' झळकला. त्याच्या पहिल्याच प्रसंगात नाक्यावरचे कर्मचारी ट्रकवाल्याला सांगतात, जैवतंत्रज्ञानाच्या कारखान्यात किरकोळ गळती झाली आहे, काळजी नको. ट्रकखाली हरीण येतं, मरतं, आणि पांढऱ्या बुबुळांनी उठून उभं राहतं. गाडी सुटल्यावर डब्यातल्या टीव्हीवर अधिकारी दंगलीबद्दल बोलतात आणि नागरिकांना शांत राहायला सांगतात. खिडकीबाहेरचं दृश्य आणि टीव्हीवरचं निवेदन यांत जे अंतर पडतं, त्यात हा चित्रपट घडतो. नायक शेअरबाजारातला फंड मॅनेजर. ज्या कंपनीतून गळती झाली ती त्याच्याच पैशाच्या उलाढालीवर तगलेली होती, हे त्याला गाडीतच कळतं. कझानचा आरोपी चोरून आलेला परका होता. इथे तो आरक्षित डब्यात मुलीशेजारी बसलेला बाप आहे.

वटवाघूळ, डुक्कर आणि एक हस्तांदोलन

'कंटेजन'चा विषाणू काल्पनिक असला तरी त्याचा पिंड निपाहचा आहे. चित्रपटाचे सल्लागार इयन लिपकिन हे नामांकित विषाणुतज्ज्ञ. मलेशियात १९९८-९९मध्ये इपोहजवळच्या वराहपालन केंद्रांतून मेंदूज्वर पसरला. डुकरांच्या गोठ्यांलगत फळबागा, झाडांवर फळं खाणारी वटवाघळं, त्यांची उष्टी फळं खाली डुकरांत, डुकरांतून माणसांत. सुरुवातीला सगळ्यांनी याला जपानी मेंदूज्वर मानलं. डास मारले, त्याची लस टोचली आणि रोग पसरत राहिला. मार्च १९९९मध्ये चुआ काव बिंग यांनी नवा विषाणू, म्हणजेच निपाह, वेगळा केला तेव्हा चूक कळली. २६५ रुग्ण, १०५ मृत्यू आणि मारून टाकलेली दहा लाखांवर डुकरं, असा हिशेब झाला.

सोडरबर्गचा शेवटचा प्रसंग ही साखळी जशीच्या तशी घेतो आणि तिला एक कडी जोडतो. बुलडोझर जंगल पाडतो, उडालेलं वटवाघूळ वराहपालन केंद्रावर केळ्याचा तुकडा टाकतं, डुकराचं पिलू तो खातं, ते पिलू मकावच्या कसिनोच्या मुदपाकखान्यात येतं, आचारी हात न धुता, एप्रनला पुसून, पाहुणीशी हस्तांदोलन करतो. बुलडोझरवर त्या पाहुणीच्याच कंपनीचं नाव असतं. चित्रपटभर ती बाई 'पहिली रुग्ण' म्हणून संशयाच्या फेऱ्यात आहे. तिचं खासगी आयुष्यही चव्हाट्यावर आलं आहे. शेवटी कळतं, तिने केलं ते एवढंच की कुणाचा तरी हात हातात घेतला.

याच निपाहने मे २०१८मध्ये केरळात कोळिकोड गाठलं. १७ जणांचा बळी गेला. त्यांत रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका लिनी पुदुसेरी होती. नमुन्यांवर शिक्कामोर्तब झालं ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत. वर्षभराने आशिक अबू यांनी मल्याळममध्ये 'व्हायरस' काढला. मला तो या साऱ्या परंपरेतला सर्वांत प्रौढ चित्रपट वाटतो. त्यात नायक एक नाही. डॉक्टर, परिचारिका, जिल्हाधिकारी, मंत्री, रुग्णवाहिकेचा चालक, प्रेताला हात लावायला तयार होणारा सफाई कामगार अशी माणसं आहेत. पार्वतीने रंगवलेली तरुण डॉक्टर एकेका रुग्णाचा दुसऱ्याशी धागा जुळवत जाते : हा कुठल्या वॉर्डात होता, तो कुठल्या रांगेत बसला होता. वरून आलेल्या अधिकाऱ्यांना मात्र घातपाताचा वास येतो आणि संशयाची सुई मेलेल्या पहिल्या रुग्णावर, एका मुस्लिम तरुणावर, स्थिरावते. चित्रपट तो आरोप पुराव्यानिशी खोडून काढतो. प्रत्यक्षातही पुढे त्या भागातल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांत निपाह सापडला. पण पहिल्या रुग्णाला तो नेमका कसा जडला, याचा पुरावा हाती लागला नाही.

आपल्या अंगणात

मराठी मुलखात झोंबी उशिरा आले, याचं नवल नाही. आपल्या भुतांना नाव असतं, झाड असतं आणि काहीतरी राहून गेलेलं असतं. मुंज होऊन लग्नाविना मेलेला मुंजा पिंपळावर बसतो आणि त्याचं मागणं सरळ असतं. झोंबीचं कुणाशी वैर नाही, त्याला नवस चालत नाही, उतारा चालत नाही. आदित्य सरपोतदार या एकाच दिग्दर्शकाने दोन्ही हाताळले : २०२२चा मराठी 'झोंबिवली' आणि २०२४चा हिंदी 'मुंज्या'. डोंबिवलीतली उंच इमारत आणि तिच्याशेजारची वस्ती समोरासमोर ठेवली की परका शोधायला जहाजापर्यंत जावं लागत नाही. त्याआधीच्या 'गो गोवा गॉन'मध्ये (२०१३) बेटावरच्या रेव्ह पार्टीतल्या नव्या अमली गोळीपासून सगळं सुरू होतं. विनोद बाजूला ठेवला तर दोष पुन्हा बाहेरून आलेल्यांवर.

साथीचा खरा मराठी चित्रपट मात्र १९७९चा आहे. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७'. चापेकर बंधू आणि त्यांनी मारलेला प्लेग अधिकारी रँड यांची ही गोष्ट आपण क्रांतिकथा म्हणून ओळखतो. पण तिच्या मुळाशी पुण्याचा प्लेग आणि तो आवरायला घराघरांत घुसलेले गोरे शिपाई आहेत. जगभरच्या चित्रपटांत रोग शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर कॅमेरा असतो. इथे तो उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आहे. कझानच्या डॉक्टर रीडच्या हाती जे अधिकार आपण आनंदाने सोपवतो, ते रँडच्या हाती गेले की काय होतं, हे पाहायचं असेल तर हे दोन चित्रपट पाठोपाठ पाहावेत.

त्या प्लेगचा आधीचा अध्याय मुंबईत घडला. सप्टेंबर १८९६, मांडवी. गोद्यांच्या जवळची धान्याची गोदामं, दाटीच्या चाळी, मरून पडणारे उंदीर, आणि गाठी आलेले रुग्ण पाहून 'हा प्लेग आहे' असं म्हणण्याची छाती दाखवणारे मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्सां या जंतुशास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला होता. पिसवांचा वाटा पॉल-लुई सिमोंनी सांगायला अजून दोन वर्षं होती. म्हणजे जंतू माहीत, वाट माहीत नाही. पटकथेला याहून चांगली वेळ कुठली? जहाज आहे, बंदर आहे, व्यापाऱ्यांचं नुकसान आहे, पळून जाणारं शहर आहे. जो कुणी हे पडद्यावर आणेल त्याला संशोधनाची ददात पडणार नाही. त्याची कसोटी पहिल्याच प्रसंगात लागेल : पहिला मेलेला उंदीर कुणाच्या दारात दाखवायचा, हमालाच्या खोलीत, शेठजींच्या गोदामात की बंदरातल्या जहाजावर?