दाभोसाची उडी आणि कॉमेंटमधला निकाल

लेखमाला : समाजमाध्यमे आणि समाज – भाग ६

सिल्वासाहून सहलीला निघणाऱ्यांना दुधनीचा जलाशय जसा ओळखीचा, तसाच हद्दीपलीकडच्या पालघर जिल्ह्यातला जव्हारचा डोंगराळ भागही. तिथे लेंडी नदीवर दाभोसा धबधबा आहे. मे २०२४ मध्ये दोन तरुणांनी सुमारे १२० फुटांवरून त्याच्या डोहात उड्या मारल्या. एकाचा मृत्यू झाला, दुसरा जखमी झाला. उडीचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण बातमीबरोबरच फोनाफोनी फिरले.

जोखमीच्या पर्यटनातील अपघातांवर समाजमाध्यमांत जी प्रतिक्रिया उमटते, तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी चित्रफीत येते आणि तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ व जोडलेले हात. मग ‘रीलचा नाद’, ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’, ‘आईबापांचा तरी विचार करायचा’ असा दोषारोप सुरू होतो. त्यामागून विनोद येतात आणि शेवटी ते ठिकाणच बंद करा, अशी मागणी होते. एवढ्या गदारोळात अपघात नेमका कशामुळे झाला, हा प्रश्न सहसा मागे पडतो.

निकाल इतका झटपट का लागतो?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली. निरपराध माणसाचे हाल पाहावे लागले आणि ते थांबवता आले नाहीत, की पाहणारे हळूहळू त्या माणसालाच कमी लेखू लागतात. जग न्यायाने चालते, हा समज त्यामुळे शाबूत राहतो. ‘त्याचीच चूक होती’ असे एकदा ठरले, की ‘मी तसा वागत नाही, म्हणजे मी सुरक्षित’ हा दिलासा आपोआप मिळतो. दुसरे कारण पश्चातबुद्धीचे. शेवट ठाऊक झाल्यावर तो आधीच दिसायला हवा होता असे वाटते, हे बारुक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. चित्रफीत पाहणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, काठावर उभ्या असलेल्याला तो नसतो.

दाभोसाच्या उडीत धाडस चुकीचे होतेच, पण किती चुकीचे ते आकड्यांवरून कळते. १२० फूट म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. एवढ्या उंचीवरून पडणारे शरीर पावणेतीन सेकंदांत पाण्यावर आदळते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर असतो. उंचावरून पाण्यात उडी मारण्याच्या जागतिक स्पर्धांत पुरुषांचा मंच २७ मीटरवर असतो. तेथील कसलेले खेळाडूही पाय खाली ठेवूनच पाण्यात शिरतात आणि खाली जीवरक्षक पाणबुडे तयार असतात. ही माहिती एखाद्याला काठावरून मागे फिरवू शकते. ‘मूर्खपणा’ या शेऱ्याने ते होत नाही, कारण स्वतःला मूर्ख समजून कोणीच उडी मारत नाही.

सगळ्यांना एकच शिक्का

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्याला अचानक लोंढा आला आणि पुण्याहून आलेल्या कुटुंबातील एक महिला व चार मुले वाहून गेली. प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. येथे उडी नव्हती, स्टंट नव्हता. वर डोंगरात पाऊस वाढला, की खालचे घोटाभर पाणी काही मिनिटांत कमरेला लागते. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही आणि परतीची वाट आधी तुटते. तरीही ‘अति तिथे माती’ हा शेरा या कुटुंबालाही चिकटलाच.

त्याच वर्षी जुलैत रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ मुंबईची एक तरुणी दरीत कोसळून मरण पावली. ती समाजमाध्यमांवर प्रवासाच्या चित्रफिती टाकत असे, म्हणून ‘रीलचा बळी’ हे मथळे लगेच तयार झाले. तिला वर काढण्यासाठी बचाव पथकांना कित्येक तास झुंजावे लागले. अशा आडवाटेच्या जागी मदत किती उशिरा पोहोचते, हा त्या घटनेतला सर्वांच्या उपयोगाचा भाग मात्र फारसा बोलला गेला नाही.

१५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. या वेळी गर्दीबरोबर प्रशासनालाही धारेवर धरले गेले. तुटलेला पूल डोळ्यांना दिसतो, त्यामुळे व्यवस्थेची चूक मान्य होते. ओढ्याकाठी नसलेला इशारा फलक किंवा नसलेला जीवरक्षक चित्रफितीत दिसत नाही, म्हणून तेथे सगळा दोष बुडणाऱ्याच्या पदरात पडतो.

विनोद कोणावर होतो?

१८ जून २०२३ रोजी ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी बेपत्ता झाली. अवशेष सुमारे ३,८०० मीटर खोल, एका जागेचे भाडे अडीच लाख डॉलर. आतल्या पाच जणांपुरता ९६ तासांचा प्राणवायू असल्याचे जाहीर होताच जगभर उलटमोजणी सुरू झाली आणि तिच्यासोबत विनोदांचा पूर आला. त्याआधी चारच दिवस, १४ जूनला, ग्रीसजवळ स्थलांतरितांनी खचाखच भरलेली बोट बुडून शेकडो माणसे मेली होती. ‘त्यांच्यासाठी एवढी धावपळ का नाही?’ हा प्रश्न रास्त होता. पण पाहता पाहता त्यातूनच श्रीमंतांच्या मरणावर हसण्याची मुभा काढली गेली. पाणबुडीतला एक जण अवघा १९ वर्षांचा होता.

सर्वाधिक थट्टा झाली ती पाणबुडी चालवण्यासाठी वापरलेल्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरची. खरा दोष होता कार्बन फायबरच्या कवचात आणि तज्ज्ञांचे इशारे डावलणाऱ्या कंपनीच्या कारभारात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात ही दुर्घटना टाळता आली असती, असा निष्कर्ष काढला.

प्रतिक्रियेचे परिणाम

समाजमाध्यमांचा दबाव प्रशासनापर्यंत पोहोचतो, हे खरे. भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्ह्यात अनेक पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले आणि भुशी धरणावर संध्याकाळी सहानंतर जाण्यास मनाई झाली. पण एकीकडे बंदीची मागणी होत असताना दुसरीकडे तीच चित्रफीत त्या जागेची जाहिरातही करते. आदल्या दिवशी ज्यांनी दाभोसाचे नावही ऐकले नव्हते, त्यांना तो कुठे आहे हे कळते. शिवाय सरसकट बंदीचा फटका धबधब्यावर भजी-मक्याची कणसे विकणाऱ्या आणि वाटाड्याचे काम करणाऱ्या स्थानिकांना बसतो.

या माध्यमांचा उपयोगही मोठा आहे. सह्याद्रीत कोणी अडकले, की महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत जवळच्या पथकांना निरोप जातो. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारखी स्वयंसेवी पथके भुशीच्या शोधकार्यातही होती. अशा पथकांचे संपर्क क्रमांक, वरच्या भागातल्या पावसाची खबर, वाट बंद असल्याची सूचना आणि डोहाची खोली फसवी असल्याचा इशारा हे सारे त्याच फोनवरून, तितक्याच वेगाने पसरू शकते. ते अपघाताच्या आधी पसरले, तर सहलीला निघणाऱ्याच्या कामी येते.

(पुढील भागात : पुराच्या वेळी पसरणाऱ्या अफवा)